सहलीच्या वाटेवरची ढगांची प्रयोगशाळा

डिसेंबर लागला की पसरणी घाटात सहलींच्या लाल गाड्या दिसू लागतात. वळणावळणांवर दोन-चार मुलांना मळमळते, बाई पर्समधून आवळासुपारी काढून देतात, मागच्या बाकांवर भेंड्या रंगलेल्या असतात. पाचगणीचे टेबललँड, वेण्णा तलावातली होडी, क्षेत्र महाबळेश्वरचे पंचगंगेचे देऊळ, एखाददुसरा पॉइंट, स्ट्रॉबेरी, चिक्की आणि दुसऱ्या दिवशी प्रतापगड. मुले आनंदात परततात आणि तो आनंद त्यांना मिळायलाच हवा. शाळेच्या दप्तरी या दौऱ्याची नोंद मात्र ‘शैक्षणिक सहल’ अशी असते. त्यातला ‘शैक्षणिक’ हा शब्द जिथे खरा ठरला असता ती जागा महाबळेश्वरातच आहे, आणि बहुतेक गाड्या तिच्याकडे न वळताच घाट उतरतात.

पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा उभारली. समुद्रसपाटीपासून ती साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. ढगाच्या पोटात काय चालते ते पाहायचे तर एरवी विमान लागते. ते महाग पडते आणि ढगात काही मिनिटेच राहू शकते. महाबळेश्वरी पावसाळ्यात ढग आपणहून जमिनीवर उतरतो. पर्यटक ज्याला धुके म्हणतात आणि ज्यात उभे राहून फोटो काढतात, तो जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक वेळा ढगच असतो. प्रयोगशाळेतली उपकरणे त्या ढगात दिवसरात्र उभी असतात. जे पाहायला शास्त्रज्ञांना आकाशात जावे लागते, ते इथे दाराशी चालत येते.

तिथले एक यंत्र ढगाची हवा नळीतून आत ओढून घेते. आत लेसरचा बारीक झोत असतो. ढगाचा एकेक थेंब त्या झोतातून जाताना प्रकाश विखुरतो, आणि किती विखुरला यावरून थेंबाचा आकार कळतो. हे थेंब साधारण १० ते २० मायक्रॉन रुंदीचे असतात. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड धरला तर एका केसाच्या जाडीत असे चार-पाच थेंब शेजारी शेजारी बसतील. एक घनसेंटिमीटर हवेत, म्हणजे सोंगटीएवढ्या जागेत, ते शेकड्यांनी असतात. तरीही त्यांतले पाणी किती, तर एक घनमीटर ढगात अर्धा ग्रॅम, अनेकदा त्याहूनही कमी. शाळेची सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली ढगाने गच्च भरली, समोरचा फळा दिसेनासा झाला, तरी त्या साऱ्या ढगाचे पाणी गोळा करून अर्धी वाटीसुद्धा भरणार नाही.

हे गणित सातवीतली मुलगी वहीत सोडवू शकते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, गुणिले अर्धा ग्रॅम. मग तिला पुढचा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही : ढगात एवढेसेच पाणी असेल तर आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो कसा? शिक्षकाने वर्गात वर्षभर धडपडून जो प्रश्न मुलांच्या तोंडून निघत नाही, तो इथे आपसूक निघतो. उत्तरही तिथेच मिळते. ढग ही काही भरून ठेवलेली टाकी नव्हे, तो सतत चालणारा कारखाना आहे. अरबी समुद्रावरून दमट वारा येतो, सह्याद्रीच्या भिंतीला थडकून वर चढतो, चढताना निवतो, बाष्पाचे थेंब होतात. थेंब एकमेकांवर आपटून मोठे होतात आणि दोन मिलीमीटरचा एक टपोरा थेंब व्हायला ढगातले दहा लाखांच्या घरात थेंब खर्ची पडतात. मागून नवा वारा नवे बाष्प घेऊन हजर असतोच.

पावसाचा थेंब चित्रात नेहमी वर टोकदार, खाली गोल काढतात. अश्रूसारखा. खरा थेंब तसा नसतो. लहान असेल तर गोलच असतो आणि मोठा झाला की हवेच्या रेट्याने खालून चपटा होतो, थापलेल्या वड्यासारखा. पाचेक मिलीमीटरच्या पुढे गेला की त्याला हा रेटा सोसवत नाही, तो फुटतो. थेंब मोजणाऱ्या यंत्राच्या तबकडीवर पाऊस पडतो तेव्हा प्रत्येक थेंबाचा धक्का विजेच्या स्पंदात उमटतो आणि शेजारच्या पडद्यावर लहान थेंब किती, मोठे किती, याचे आकडे मिनिटामिनिटाला बदलत राहतात. बाहेर नुसती भुरभुर असेल तर आकडे एका टोकाला गोळा होतात, सर आली की दुसऱ्या टोकाकडे सरकतात. मुलांना भाषण न देता पाच मिनिटे या पडद्यासमोर उभे करावे.

आता या प्रयोगशाळेला सातारा जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहू. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो. घाट उतरून वाईला यावे तर तो हजाराच्याही आत येतो. आणखी पूर्वेला, त्याच जिल्ह्यात, माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळतो. दहिवडी-म्हसवडची मुले उन्हाळ्यात टँकरमागे धावतात आणि त्यांच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला भारतातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक आहे. भूगोलाच्या पुस्तकात याला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हणतात. परीक्षेत दोन गुणांना हा प्रश्न येतो, मुले ‘कारण डोंगराची आडकाठी’ असे लिहून गुण मिळवतात. पण डोंगराने अडवले म्हणजे नेमके काय केले? वारा पलीकडे जातोच की. तो जातो, पण पाणी अलीकडे सांडून जातो. पलीकडच्या उतारावर हवा खाली येते, खाली येताना तापते आणि उरलेसुरले ढग विरून जातात. माणचा मुलगा एकाच दिवसात गावातल्या उन्हातून निघून महाबळेश्वरच्या ढगात जाऊन उभा राहिला, तर हे त्याला अंगावर कळेल. एसटी शालेय सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. अंतर शे-सव्वाशे किलोमीटरचे. या सहलीला लागणारे बाकी सगळे त्याच्या घरात, त्याच्या वडिलांच्या शेतात आधीच आहे.

म्हणूनच अशा संस्थांच्या भेटी आज ज्या तऱ्हेने होतात त्याबद्दल तक्रार करावीशी वाटते. ज्या थोड्या शाळा जातात त्या दोनशे मुलांचा ताफा घेऊन जातात. मुलांना सभागृहात बसवतात, पडदा उजळतो, इंग्रजीत पॉवरपॉइंट सुरू होते, तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगा चुळबुळू लागतात. मग रांगेने सर्व्हरच्या खोलीसमोरून एक फेरी. काचेपलीकडे काळी कपाटे आणि लुकलुकणारे दिवे. आयआयटीएममधल्या महासंगणकांना तोड नाही. २०१८ चा ‘प्रत्युष’ आणि २०२४ मध्ये आलेला ‘अर्क’ हे देशाच्या अभिमानाचे विषय आहेत, आणि सहा किलोमीटरच्या चौकटीत देशाचा अंदाज देणारी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ याच संस्थेत तयार झाली. पण बारा वर्षांच्या मुलाला काचेतून कपाट पाहून काय मिळणार? त्याला हात लावता येईल असे यंत्र हवे.

आणि अशी यंत्रे साधी आहेत. वेधशाळेच्या अंगणात चार पायांवर उभी असलेली पांढरी लाकडी पेटी घ्या. तिच्या भिंती झिलमिलीच्या, दुहेरी. वारा आत खेळतो, ऊन मात्र आत येत नाही. आपल्याकडे तिचे दार उत्तरेला असते, म्हणजे उघडले तरी ऊन तापमापकावर पडत नाही. थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने ती घडवली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे ते वडील. पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी असतात. एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची ओली पट्टी गुंडाळलेली. ओल्याचा पारा खाली असतो. का, याचे उत्तर मुलांच्या स्वयंपाकघरात माठाच्या रूपाने उभे आहे. हवा कोरडी असेल तर माठातले पाणी लवकर गार होते आणि दोन तापमापकांतला फरकही वाढतो. पावसाळ्यात माठ नीट गार होत नाही, फरकही आटतो. आर्द्रतेचा अख्खा धडा इतकाच आहे, आणि तो माठाला हात लावून शिकता येतो.

मोजणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत देऊन शिकले. २६ जुलै २००५. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच २४ तासांत, त्याच शहरात, दक्षिण टोकाच्या कुलाब्याला ७५ मिलीमीटरही भरला नाही. कुलाब्याकडच्या कचेऱ्यांतून बाहेर पडलेल्या माणसांना उपनगरांत काय चालले आहे याची कल्पना नव्हती. तेव्हा मुंबईत पाऊस दुरून टिपणारे डॉप्लर रडार नव्हते, ते नंतर आले. पंचवीसेक किलोमीटरच्या अंतरात पाऊस इतका बदलू शकतो हे एकदा मनावर ठसले की ‘एवढी पर्जन्यमापके कशाला’ असे कोणी विचारणार नाही. राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत ‘महावेध’ची स्वयंचलित केंद्रे आहेत. पीकविम्याचा निकाल लावताना तिथल्या आकड्यांचा आधार घेतला जातो. गावच्या शेतकऱ्याला भरपाई मिळणार की नाही हे ज्या खांबावर ठरते, तो खांब त्याच्या मुलाने निदान एकदा जवळून पाहिलेला असावा. यंत्राभोवती गवत माजले आहे का, झाडाच्या फांदीने वरचे तोंड झाकले आहे का, हे ओळखणारी मुले गावात असतील तर चुकीच्या आकड्याविरुद्ध बोलणारेही गावात असतील.

हा वारसा मराठी माणसाला नवा नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे केरूनाना छत्रे नोकरीला होते, ज्यांनी पुढे मराठीत शास्त्रीय पुस्तके लिहिली आणि ज्यांच्याकडे लोकमान्य टिळक गणित शिकले. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले. शिवाजीनगरची घड्याळाच्या मनोऱ्याची ती दगडी इमारत अजून उभी आहे, आणि पुणेकर आजही त्या चौकाला सिमला ऑफिस चौक म्हणतात. रोज हजारो विद्यार्थी तिथे बस बदलतात. याच पुण्यात १९४८ पासून अण्णा मणी यांनी काम केले. हवामानाची साधी उपकरणेही तेव्हा परदेशातून येत. केरळमधून आलेल्या या बाईंनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशात बनवण्याची घडी बसवली. उपकरण चुकीचा आकडा देत असेल तर ते नसलेले बरे, अशा कडक शिस्तीने त्या काम करीत. सिमला ऑफिसच्या दारावरून जाणाऱ्या किती मुलींना त्यांचे नाव माहीत असेल?

अज्ञानाची किंमत पैशात आणि जिवात मोजावी लागते. अवर्षणाच्या वर्षी गावोगाव एक बोलवा उठते : अमक्याने विमान फिरवले आणि आपला पाऊस पळवला. माणसे चिडतात, निवेदने जातात. याच विषयावर आयआयटीएमच्या शास्त्रज्ञांनी सोलापूर परिसरात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत विमानांनी प्रयोग केले. काही ढगांत क्षारांची फवारणी केली, त्यांच्यासारखेच दुसरे ढग मुद्दाम न फवारता सोडले आणि दोहोंची तुलना केली. फवारणीनंतर वाऱ्याच्या दिशेच्या १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के जादा पाऊस आढळला, आणि मिळालेल्या पाण्याचा खर्च लिटरमागे १८ पैसे आला. या प्रयोगातून कळायचे ते एवढेच, की योग्य जातीचा ढग आधी असावा लागतो, कोऱ्या आभाळातून पाऊस पाडता येत नाही. ज्या मुलाने थेंब जन्मताना आणि वाढताना यंत्रावर पाहिला आहे, त्याला हे पटवून द्यायला पुढारी लागणार नाही आणि त्याला भुलवणेही सोपे जाणार नाही. विजेचेही तसेच. देशात दरवर्षी वीज पडून अडीच हजारांच्या आसपास माणसे मरतात. त्यांत शेतात काम करणारी आणि झाडाखाली आडोसा घेतलेली माणसे फार. विजेची आगाऊ सूचना देणारे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आयआयटीएमनेच तयार केले. सहलीहून परतलेली मुले घरातल्या प्रत्येक फोनवर ते उतरवून देतील, यात शंका नाही.

मुख्याध्यापकांच्या अडचणीही खऱ्या आहेत. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात. मुलांना जुलैत महाबळेश्वरला न्यायचे धाडस कोणी करू नये. पण सहल नाताळातच काढायची असा दंडक कुणी घातला? हिवाळ्यात आभाळ निरभ्र असते आणि ढगांच्या प्रयोगशाळेत ढगच नसतो. सप्टेंबरअखेर, परतीच्या पावसाच्या उंबरठ्यावर, हवामान खात्याचा इशारा पाहून, पंचवीस-तीस मुलांची एक तुकडी नेता येते. संस्थेला दोन महिने आधी पत्र द्यावे, परवानगी घ्यावी आणि मुलांशी मराठीत बोलणारा एखादा संशोधक मागून घ्यावा. संशोधन संस्थांनीही हे आपले काम समजावे. बाष्प, दव, आर्द्रता, वायुभार, पर्जन्यमापक हे शब्द मुलांना येतात. शिवाय झड, भुरभुर, वळीव, उघडीप, वावटळ हे शब्द ती घरून घेऊन येतात. मान्सून मध्येच दडी मारतो त्याला शेतकरी ‘खंड’ म्हणतो. शास्त्रज्ञ त्याच खंडाचा वर्षानुवर्षे अभ्यास करीत आहेत. शास्त्रज्ञाने बोलण्याची सुरुवात या शब्दापासून केली तर सभागृहातली मागची रांगही पुढे सरकून बसेल.

महाबळेश्वर किंवा पुणे ज्यांना दूर आहे त्यांनीही थांबण्याचे कारण नाही. राहुरी, दापोली, परभणी आणि अकोला या चारही कृषी विद्यापीठांत कृषी हवामान वेधशाळा आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, अनेक संशोधन संस्था आपली दारे उघडतात. २३ मार्चला जागतिक हवामान दिन असतो. एवढी दारे उघडी असताना सहलीच्या यादीत दरवर्षी वॉटर पार्कच का यावे? वॉटर पार्कला जरूर जावे, पण ती कुटुंबाची सहल होऊ द्यावी. शाळेने न्यावे ते अशा ठिकाणी, जिथे आई-वडील नेऊ शकत नाहीत.

खरी कसोटी मात्र परतल्यावर लागते. ‘आमची सहल’ या विषयावर दहा ओळींचा निबंध लिहून घेतला की सहल संपली असे होऊ नये. शाळेच्या गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावे. विकत घेणे जमले नाही तर सरळ भिंतींचा डबा आणि फूटपट्टी पुरते. रोज सकाळी साडेआठला दोन मुलांनी पाणी मोजून वहीत आकडा लिहावा. वर्तमानपत्रात ‘गेल्या २४ तासांतील पाऊस’ म्हणून जो आकडा छापला जातो तो साडेआठ ते साडेआठचाच असतो. शेजारच्या स्वयंचलित केंद्राचा आकडा आणि आपला आकडा यांत फरक पडला तर कारण शोधावे. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एका एकरावर सुमारे चार हजार लिटर. हा हिशेब शाळेच्या पत्र्यावर आणि वडिलांच्या रानावर करून पाहावा. दोन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की ती वही ग्रामपंचायतीलाही उपयोगी पडेल.

या वर्षीच्या सहलीचे ठिकाण अजून ठरलेले नसेल तर मुख्याध्यापकांनी एक पत्र पाषाणला, एक जवळच्या कृषी विद्यापीठाला आजच लिहावे, आणि पालकांनी पुढच्या सभेत ते लिहिले का, असे विचारावे.